आज महाडात काही नाही

दळवीभाऊ गेल्याची बातमी मला बातमीसारखीच कळली. पोलादपूरचे आमचे वार्ताहर शिंदे यांचा सकाळी फोन आला आणि पलीकडून ते सवयीनं मजकूरच सांगू लागले. "महाड, वार्ताहराकडून. येथील ज्येष्ठ पत्रकार मनोहर दळवी यांचे..." एवढं म्हणून ते थांबले. मीही सवयीनं कागद पुढे ओढला होता. दुसऱ्या दिवशी जिल्हा आवृत्तीत आतल्या पानावर एक कॉलमी बातमी आली, भाऊ इतरांच्या निधनाची देत तशीच, आटोपशीर. 'त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नात असा परिवार आहे.' ते वाक्य मी कितीदा तरी वाचलं. परिवार होता, हे खरंच. पण गेली कित्येक वर्षं भाऊ त्या घरात एकटेच राहत होते.

नव्वदच्या दशकात मी पनवेलच्या कचेरीत उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा तालुक्यांच्या बातम्या एसटीनं यायच्या. वार्ताहर सकाळी पाकीट ड्रायव्हरच्या हाती द्यायचे, आमचा शिपाई स्टँडवरून ते आणायचा. नंतर घडलेलं सगळं फोनवर. रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरायचा आणि लिहीत सुटायचं. बाकीचे वार्ताहर ओरडायचे, घाई करायचे. भाऊंचा पहिला फोन आला तेव्हा मात्र पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "मॅडम, लिहून घेताय की नुसतं ऐकताय?" महाडात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. त्यामुळे स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं ते तोंडानं सांगत. मागे मुलामुलींच्या टाइपरायटरांचा खडखडाट चाललेला असे. काही महिन्यांत मॅडमची मी माधुरी झाले, आणि 'अहो'ची 'अगं'.

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके सुरुवातीला तेच बघत. एकदा उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावरच्या एका वाडीत वीज पडून म्हैस मेली. दोन ओळींची बातमी, आणि भाऊ ती चढण चढून वर गेलेले.

"एवढ्यासाठी कशाला गेलात भाऊ? तलाठ्याकडे कळलं असतं की."

"तलाठ्याकडे म्हैस मेली एवढंच कळलं असतं. घरची म्हातारी सकाळपासून तिच्याजवळून उठली नाहीये, हे वर गेल्यावर दिसलं. घे, तेवढं वाक्य घाल."

ते वाक्य छापून आलं. त्या दिवसाच्या पानात मला तेवढंच आठवतं.

त्यांची बायको लवकर गेली होती. प्रशांत हा एकुलता मुलगा. त्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा बातम्यांच्या पाकिटात पेढ्यांचा पुडा आला होता. पेढे कागदाला चिकटलेले, शाई पेढ्यांना लागलेली. तरी सगळ्या डेस्कनं ते खाल्ले. पुढे प्रशांतचं लग्न झालं, मुलगी झाली. भाऊ फोनवर मजकूर सांगता सांगता मध्येच "अगं, ओढू नकोस ती रिबन" असं ओरडायचे, तेव्हा ती नात असायची.

आणि मग तुडीलची बातमी आली. सावित्रीच्या पात्रात मेलेल्या माशांचा थर तरंगत होता. भाऊ सकाळच्या एसटीनं तिकडे गेले, काठाकाठानं फिरले. जाळी लावणारी एक बाई त्यांना म्हणाली, "बघा भाऊ, एवढं मासं पडलंय, पन मांजर तोंड लावत नाय." काळं पाणी कुठून येतं, ते उलट्या दिशेनं चालत त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. फोटो काढले, रोल एसटीनं पाठवला. कारखान्यात जाऊन अधिकाऱ्याचं म्हणणं घेतलं. त्यानं सगळं नाकारलं. तेही भाऊंनी जसंच्या तसं सांगितलं. कारखान्याचं नाव आलं तशी माझी पेन्सिल थांबली.

"भाऊ, प्रशांत तिथंच आहे ना?"

टाइपरायटरांच्या खडखडाटातून ते म्हणाले, "हो. पुढं लिही."

संपादकांनी भाऊंना विचारलं, बातमीवर तुमचं नाव द्यायचं की नुसतं 'वार्ताहर' म्हणायचं? भाऊ म्हणाले, नाव द्या, नाहीतर लोक तुडीलच्या माणसांवर संशय घेतील. पहिल्या पानावर, फोटोसकट, त्यांच्या नावानं बातमी गेली. चौकशीला अधिकारी आले, पाण्याचे नमुने घेतले गेले, काही दिवस काम बंद राहिलं. कारखान्यातल्या साहेबांनी प्रशांतला बोलावून सांगितलं, वडिलांकडून माघार लिहून आण. घरी काय झालं ते भाऊंनी मला फार नंतर, तेही तुटक सांगितलं. प्रशांत म्हणाला, "तुम्हाला गाव दिसलं, मी नाही दिसलो." भाऊ म्हणाले, "कंपनीचा खुलासा आला तर मी शब्द न बदलता देईन. पण जे बघितलं ते बघितलं नाही, असं कसं लिहू?" प्रशांतनं राजीनामा दिला आणि बायको-मुलीला घेऊन वापीला गेला. बापलेकांचं बोलणं तिथे थांबलं.

गावही हळूच बाजूला सरकलं. महाडातल्या किती घरांची चूल त्या कारखान्यांवर चालते, हे भाऊंना का ठाऊक नव्हतं? भांडायला कुणी आलं नाही. हॉटेलात ते शिरले की बाकावरचं बोलणं बदले, एवढंच. क्लासला येणारी मुलं कमी झाली; पुढे कॉम्प्युटर आले आणि उरलीसुरलीही गेली. फोनवर मागचा खडखडाट विरळ होत होत एक दिवस बंद पडला. भाऊंचा आवाज एकटाच यायला लागला.

फोन मात्र रोज येई. दुपारी चहाच्या सुमाराला. "आज महाडात काही नाही," ते म्हणत. मग सावित्रीला पाणी किती आहे, आंबेनळी घाटात दरड आली होती ती बाजूला केली, असं काहीबाही सांगत राहत. त्यातलं छापण्यासारखं काही नसे. मी लिहून घेत नसे, ऐकत असे. त्यांना ते कळत होतं. वापीचा विषय मी एकदोनदा काढून पाहिला. "तिकडे आपला वार्ताहर नाही," ते म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही.

एकदा मी एका लग्नाला पोलादपूरला गेले होते, तेव्हा येताना महाडला उतरले. क्लासच्या खोलीत मशिनं कापडी खोळी घालून ओळीनं बसलेली. भाऊ त्यांच्यावरची धूळ रोज पुसत होते. मला चहा दिला, स्टँडपर्यंत पोचवायला आले, आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. इतकी वर्षं बोलत होतो, पण समोरासमोर काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

पुढे माझी मुंबईला पुरवणीकडे बदली झाली. पनवेलला ई-मेल आला, फोनवर बातम्या घेणं बंद झालं. भाऊ आता मला फोन करत, पण आठवड्यातून कधी, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "कामात नाहीस ना?"

ते गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी मी महाडला गेले. दार प्रशांतनं उघडलं. केस पांढरे झालेले. आवाज मात्र हुबेहूब भाऊंचा, मी दचकलेच. क्लासच्या खोलीतच आम्ही बसलो.

"ताई, तुम्हीच पनवेलच्या ना? घरी तुमचं नाव फार ऐकलंय." मग तो म्हणाला, "तिकडे मी आपली आवृत्ती पोस्टानं मागवायचो. शिळी यायची. बाबा कुठे कुठे जाऊन आले, ते त्यातून कळायचं. मध्ये कधी पंधरा दिवस महाडची बातमी नसली की वाटायचं, आजारी असतील..."

"त्यांना कळवलं होतंस? पेपर मागवतोस म्हणून?"

त्यानं मान हलवली. नाही.

ते कळलं असतं तर भाऊंनी रोज, काही नसलं तरी, दोन ओळी पाठवल्या असत्या.

तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. पोलादपूरकडच्या कुठल्याशा वाडीवरून उतरून, एसटी धरून आला होता.

"भाऊ हायेत का? आमचा वढ्यावरला साकव पडलाय. पेपरात द्याया पायजे."

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "भाऊ वारले, बाबा. महिना होत आला."

म्हातारा उंबऱ्यावरच खाली बसला. "आमाला वर कोन सांगनार?" असं काहीसं पुटपुटला. मग उठायला लागला, तसा प्रशांत म्हणाला, "बसा. सांगा काय झालं ते." त्यानं एका मशिनाची खोळ काढली, कागद लावला. बऱ्याच वर्षांत बोटं चालवलेली नसावीत. अडखळत, खोडत तो टाइप करत होता. तो कागद शिंद्यांकडे पोचवायचं मी कबूल केलं.

काम झालं तरी म्हातारा हलेना. "भाऊ च्या पाजायचं," तो जरा संकोचून म्हणाला.

प्रशांत आत गेला. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग एकामागून एक डबे उघडल्याचा. मीही उठून आत गेले, मागून म्हातारा आला. फळीवर सारख्याच आकाराचे डबे ओळीनं लावलेले. साखर कुठल्या डब्यात आहे, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.