मोटारसायकलची खांदेमळणी

आमच्या वडिलांना पोटच्या पोरांपेक्षा मोटारसायकलचा भरवसा जास्त. मी बारावीला गणितात गटांगळी खाल्ली, भाऊ दोन स्पर्धा परीक्षांच्या दारातून परत आला, पण गाडी कधी नापास झाली नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत तिची तपासणी झाली होती. साहेबांनी एक किक मारली, आवाज ऐकला आणि नुसती मान हलवली, ही कथा पेडगावात कुणाची ऐकायची राहिली असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा वाढवून मिळालेली मुदत यंदा संपली. गाडी वीस वर्षांची आणि वडील सत्तरीच्या पुढचे. पुण्याहून भावानं फोन करून फर्मान काढलं, की गाडी पास झाली तर चालवा, नापास झाली तर भंगारात घाला, या वयात दुसरी घ्यायची नाही. वडिलांनी एका पायावर शब्द देऊन टाकला. “आपली गाडी नापास व्हायची न्हाई. तू कशाला काळजी करायलास?”

काळजी मला होती. सकाळी गाडीवर शेतात जायचं, आठवड्यातून एकदा परभणीला माझ्याकडे चक्कर टाकायची, मायला मागं बसवून गंगाखेडला मावशीकडे न्यायचं, हेच तर त्यांचं जगणं. गाडी गेली की हा माणूस फाट्यावर उभा राहून कोण नेतं का म्हणून वाट बघणार. दुसऱ्याच्या मागं बसलेले वडील मी जन्मात पाहिले नव्हते आणि मला पाहायचेही नव्हते.

म्हणून मी ऑफिसात रजा टाकली आणि गाडीच्या मागं लागले. ब्रेक बदलून घेतले, पीयूसी काढली, विमा भरला, दोन आरसे बसवले. आरशांवरून आमचं वाजलंच. “मागून कोण यायलंय ते बघून मला काय करायचंय? मला पुढं जायचंय,” असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा, आज एक दिवस तोंड बंद ठेवा. त्यांनी ते साधारण पाच मिनिटं ठेवलं.

तपासणीच्या मैदानावर मायही आली होती. गाडी जाते तिथं ती जातेच. आमच्या पुढं एका तरण्या पोराची चकचकीत गाडी फटफट्या सायलेन्सरपायी परत पाठवली, तेव्हा वडिलांना इतका आनंद झाला की मला लाज वाटली. मग आमचा नंबर आला. तपासायला एक तरुण मॅडम होत्या. दिवा लागला, हॉर्न वाजला, इंडिकेटर लुकलुकले, ब्रेक जागच्या जागी लागला. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. वडिलांनी माझ्याकडे ‘बघ’ म्हणून पाहिलं.

मॅडमनी हँडल डावीकडं वळवलं, खाली वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

“काका, चेसिस नंबर कुठाय?”

गाडीचा हा नंबर हँडलखालच्या मानेवर, लोखंडातच कोरलेला असतो. कागदावरच्या नंबराशी तो जुळला तरच गाडी खरी, नाहीतर चोरीची म्हणायला मोकळे. आमच्या गाडीच्या मानेवर केशरी ऑइलपेंटचा जाड, गुळगुळीत थर होता आणि त्यावर तुपाहळदीचे डाग.

माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या तपासणीनंतर घरचे बैल विकले होते. त्यानंतरच्या पहिल्या पोळ्याला मायनं सवयीनं पुरण घातलं, ताट घेऊन गोठ्यात गेली, तर तिथं मोटारसायकल उभी. ताट परत कसं न्यायचं? तिनं गाडीला ओवाळलं. पुढच्या वर्षीपासून तर रीतच पडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून खांदेमळणी करतात, ती गाडीची होऊ लागली. दुसऱ्या दिवशी वडील हँडलची शिंगं रंगवायचे आणि खांद्यालाही ब्रश फिरवायचे. गाडीचा खांदा म्हणून दोघांनी मिळून निवडलेली जागा नेमकी ही.

मी भडकले. “अगं माय, कुठं रंग लावावा याचा काही विचार?”

“मंग काय चाकाला लावू? खांदा जिथं हाय तिथंच लावला.”

मॅडमनी ओठ घट्ट दाबले. हसू आवरल्यावर मात्र स्पष्ट सांगितलं, “नंबर दिसल्याशिवाय मला पास करता येणार नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी इथंच आहे.”

फाटकाबाहेरच्या नंबरप्लेटवाल्याकडून थिनर आणि फडकी आणली. वडिलांनी हँडल वळवून धरलं, आम्ही दोघी घासायला बसलो. केशरी गेला, खाली हिरवा निघाला. हिरव्याखाली निळा. मला एकच भीती वाटत होती, की या सगळ्यांच्या खाली नुसता गंजच असला तर? हँडल दोन्ही हातांनी गच्च धरून वडील मानेकडं बघत होते, आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

सगळ्यात खाली गुलाबी लागला. मायचा हात थांबला.

“ह्यो शिंगाचा रंग हाय. बैलाच्या डब्यातला उरल्याला.” तिनं डोळ्याला पदर लावला.

“रडणं मागून,” वडील म्हणाले, “आदी घास.”

गुलाबी विरघळला आणि पहिलं अक्षर वर आलं. मग दुसरं. मी एकेक पुसत गेले आणि वडील दहावीचा निकाल वाचावा तसं खड्या आवाजात वाचत गेले. रांगेतली दोन-चार माणसंही जमली. शेवटचा आकडा दिसला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. मॅडमनी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली, उमटलेला ठसा कागदपत्रांशी ताडून बघितला आणि म्हणाल्या, “झाली पास. पुढच्या पोळ्याला नुसती हळद लावा, काका.”

बाहेर रसवंतीवर थांबलो. मी भावाला फोन करून त्याची जिरवली. वडील मात्र ग्लास हातात धरून कसल्यातरी विचारात होते.

“बाई, मुदत किती सालाची दिली म्हनली ती पोरगी?”

“पाच.”

“म्हंजे मला बी पाच भेटली की.”

“अन् मला हो?” माय म्हणाली.

“तू मागं बसायलीस न्हवं? मंग तुला बी.”

मायनं पदर खोचला आणि मागं बसली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली आणि दोघं पेडगावच्या रस्त्याला लागले. सावकाश जा म्हणायचं मी विसरूनच गेले.