न फाटलेलं स्टिकर

गेल्या मंगळवारी दुपारी चार वाजता लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात माझ्या थोरल्या बहिणीला, सुषमाताईला, फसवलं गेलं. "आतून साफ केलाय मॅडम, तरी तापतोय. आता नवीनच घ्या," दुकानदार म्हणाला. ताई याच लॅपटॉपवर शिवणाचे वर्ग घेते, नवीन परवडत नाही, म्हणजे वर्ग बंद.

घरी मी तो उलटा केला. स्क्रूवरचं स्टिकर, जे उघडताना फाटतंच, ते जसंच्या तसं! म्हणजे कुणी उघडलाच नव्हता. मी उघडला. पंख्यावर रंगीत सुताची गादी बसली होती.

"अगं, हा तर माझ्या निळ्या ब्लाउजचा धागा!" ताई हसली. मला हसू येईना. आपण झाकण उघडायला घाबरतो, हे दुरुस्तीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं. डॉक्टर, वकील, दुकानदार, आणखी कोणकोण 'आतलं' आपल्याला असंच सांगत असेल?

ब्रश फिरवला. पंखा मोकळा फिरू लागला, तापणं थांबलं, वर्ग सुरू झाला.

तुम्हालाही नवीन घ्या म्हणाले? आधी तुमच्यासमोर उघडायला लावा.