वळूच्या टाकीतल्या मुगाच्या गाठी

माझी जीभ लहानपणापासून तिखट. आई म्हणायची, हिला सासर कसं मिळायचं; वडील म्हणायचे, मिळेल, पण बहिरं बघावं लागेल. दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून मी धुळ्याला शेतकी कॉलेजात एम.एस्सी. करायला आले, ती ही जीभ सोबत घेऊनच. नव्वदीची पहिली एक-दोन वर्षं असतील.

तिथे मला मुगाच्या मुळांवरच्या गाठींनी वेड लावलं. मुगाचं रोप अलगद उपटून मुळं धुतली, की ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक गाठी दिसतात. मातीतले जिवाणू मुळात शिरतात, मूग त्यांना राहायला ही गाठ बांधून देतो, आणि भाड्यापोटी ते हवेतला नत्र पिकाला पुरवतात. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी. आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याचाच तो भाऊबंद. ते गुलाबी द्रव्य बनवणारं जनुक मुगाच्या पानातही असतं, देठातही असतं, पण तिथे ते झोपलेलं. जागं होतं ते गाठीत. ते कितव्या दिवशी जागं होतं, एवढाच माझा प्रश्न होता. बरोबरीच्या मैत्रिणी रुखवताची भरतकामं करत होत्या आणि मी मुगाच्या जनुकाच्या उशाशी बसले होते.

जनुक जागं झालं की स्वतःची एक कामचलाऊ नक्कल काढतं. नक्कल सापडली तर जनुक जागं, नाही सापडली तर झोपलेलं. अडचण अशी, की ही नक्कल भलतीच नाजूक. गाठ मुळावरून तोडली की आतल्या या नकलेचा भुगा व्हायला लागतो. म्हणून गाठी द्रवरूप नत्रात गोठवायच्या आणि हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तपासायला न्यायच्या, असं ठरलं. तिथल्या बाईंनी मला दहा दिवस दिले होते. तपासणीला लागणारं किरणोत्सारी द्रव्य त्याच तारखेला मागवलेलं, आणि ते ठेवून टिकत नाही. तारीख चुकली तर काय, तेही आमच्या सरांनी सांगून ठेवलं होतं: विषय बदलायचा आणि खताच्या मात्रांवर काहीतरी करायचं. अर्ध्या कॉलेजचे प्रबंध खताच्या मात्रांवर होते.

द्रवरूप नत्र आमच्याकडे नव्हता. तो होता जनावरांच्या दवाखान्यात. गाई भरवण्यासाठी जातिवंत वळूचं बीज बारीक कांड्यांमध्ये घालून त्या नत्राच्या टाकीत बुडवून ठेवतात. शहराबाहेर एस.टी.ने पाऊण तासावर एका गावी असा दवाखाना होता. तिथले डॉक्टर भले गृहस्थ, लगेच हो म्हणाले. टाकी सांभाळत त्यांचे ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. पन्नाशी ओलांडलेले, डोक्यावर टोपी. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागले.

कॉलेजात बियाण्याला ते जिवाणू चोळून, धुतलेल्या वाळूच्या कुंड्यांमध्ये मूग लावला. सातव्या, नवव्या, अकराव्या आणि तेराव्या दिवशी गाठी तोडायच्या, चंदेरी कागदात गुंडाळून त्यावर दिवस लिहायचा, थर्मासातल्या बर्फात घालून एस.टी. गाठायची. नाना टाकीचं झाकण काढत, पांढरी वाफ उसळे, मी पुडी दोऱ्याने आत सोडत असे आणि परतीच्या गाडीने धुळ्याला. नाना एक अक्षर बोलत नसत. मान खाली घालून झाकण पुसत राहत. मला वाटलं, माणूस घुमा आहे.

तेराव्या दिवशी पुडी सोडताना मी सहज आत डोकावले. आधीच्या तीनही पुड्या गायब.

"नाना, माझ्या पुड्या कुठायत?"

नानांनी लशी ठेवायचा फ्रिज उघडला. आत स्टीलचा घासूनपुसून लख्ख डबा. डब्यात पांढऱ्या धुतलेल्या फडक्यावर माझ्या तीन पुड्या, एकाशेजारी एक, नीट मांडलेल्या. "आठे चांगल्या शेतस," ते त्यांच्या अहिराणीत हळूच म्हणाले, म्हणजे इथे चांगल्या आहेत. मी पुडी उघडली. गाठी मऊ पडून तपकिरी झाल्या होत्या. मी गेले की दर वेळी नाना पुडी टाकीतून काढून फ्रिजमध्ये ठेवत होते.

मग मी त्यांना काय काय बोलले ते आता सांगायलाही लाज वाटते. अडाणीपणापासून सुरुवात केली ती त्यांच्या नोकरीपर्यंत पोचले. बापाच्या वयाचा माणूस, समोर चार शेतकरी बसलेले, आणि माझी जीभ सुटलेली. नानांनी टोपी काढून हातात घेतली आणि सगळं ऐकून घेतलं. असं का केलं, हे काही ते सांगेनात.

ते मला डॉक्टरांनी फाटकापाशी सांगितलं, तेही हसू दाबत. "अहो, लेकीच्या वयाची पोर. तिची वस्तू वळूच्या बिजाशेजारी लटकत ठेवायची, हे त्यांना कसंसंच वाटलं. तुम्हाला सांगायचं तर तो शब्द तोंडातून काढावा लागला असता."

मी एस.टी.च्या थांब्यावर बसून आधी हसले आणि मग रडले. हैदराबादची गाडी वीस दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीव मुठीत धरून पुन्हा दवाखान्यात गेले, कारण टाकी तर तिथेच होती. नाना अंगणात बसून नदीची वाळू धूत होते. दोन पोती धुऊन झाली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, कुंड्या आठेच लावा. पानी मी टाकसू." मला माफी मागायची होती, पण मी नुसतं बरं म्हटलं आणि पदर खोचून वाळू भरायला बसले.

दवाखान्यात मूग लावायचा म्हणजे शेळ्यांना आमंत्रण. औषधाला आलेली प्रत्येक शेळी लंगडत यायची आणि मूग दिसला की चारी पायांवर धावायची. पाचव्या दिवशी एकीने दोन कुंड्या साफ केल्या. नानांनी उरलेल्या कुंड्या शिडी लावून पाण्याच्या टाकीवर चढवल्या आणि सकाळ-संध्याकाळ वर जाऊन पाणी घातलं. सातव्या दिवशी त्यांनी कुंडी खाली उतरवून नत्राच्या टाकीशेजारी ठेवली, मी तिथेच बसून गाठी तोडल्या आणि ते झाकण उघडून तयार. नवव्या दिवशीही तसंच. अकरावा दिवस नेमका पोळ्याचा. दवाखाना बंद, एस.टी. उशिरा. मी पोचले तर नाना पायरीवर बसलेले, हातांना बैलांच्या शिंगांचा लाल रंग. घरी बैल सजवायचे सोडून आले होते. "बैल थांबतीन," म्हणाले, "मूग नही थांबाव."

तेराव्या दिवसाची पुडी आत गेली आणि मी दवाखान्याचा नत्राचा छोटा डबा मागून घेऊन, त्यात चारही पुड्या घालून मनमाडहून हैदराबादची रेल्वे धरली. डब्याच्या तोंडातून वाफ निघायची आणि शेजारचे प्रवासी विचारायचे, कुल्फी कशी दिली? शेवटी मी म्हटलं, संपली.

हैदराबादच्या बाईंनी पहिल्या दिवशीच विचारलं, "गाठ तोडल्यापासून नत्रात जाईपर्यंत किती वेळ गेला?" मी म्हटलं, फार तर मिनिट, टाकी पायाशीच होती. त्या खूश झाल्या. मग मी हसत हसत त्यांना नानांचा पहिला प्रताप सांगितला, थर्मास, एस.टी., फ्रिज सगळं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तोडलेल्या गाठी तासभर नुसत्या बर्फात फिरवल्यास? मग त्या टाकीत जाण्याआधीच गेल्या होत्या. त्या घेऊन आली असतीस तर मी पाहूनच परत पाठवलं असतं."

माझे कान तापले.

तिथल्या आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली; जिथे नक्कल असेल तिथे त्या किरणोत्सारी द्रव्याने फिल्मवर काळी रेघ उमटते. ताडून बघायला सोबत आणलेल्या पानाच्या जागी काही नाही. सातवा दिवस कोरा, नववा कोरा. अकराव्याच्या जागी पुसटशी रेघ, आणि तेराव्याच्या जागी काळीभोर, ठसठशीत. पोळ्याच्या दिवशी माझं जनुक जागं झालं होतं. मी त्या अंधारात नाचले, बाईंनी नाचू दिलं.

धुळ्याला उतरले ती सरांकडे न जाता थेट दवाखान्यात. नाना एका बैलाच्या खांद्याला मलम लावत होते, भोवती पाच-सहा शेतकरी. मी फिल्म दिली. त्यांनी हात पुसून ती खिडकीकडे धरली.

"कोनं हाड मोडनं?" एका शेतकऱ्याने विचारलं.

"हाड नही. हाऊ ताईना मूग शे," नाना म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिला डाव बठ्ठं मी खराब करेल व्हतं. वळूना बीजजोडे ताईनी वस्तू ठेवाले माले लाज वाटनी. मनी चूक शे."

तो शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारला. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण या वेळी मी नुसतं बरं म्हणून पळाले नाही. ज्या चौघांसमोर मी त्यांना बोलले होते त्यातले दोघे तिथे होतेच.

"नाना," मी म्हटलं, "तुमची नव्हती चूक. मी पुडी तुमच्या टाकीत सोडली तेव्हाच ती खराब झालेली होती. मीच तासभर एस.टी.त घेऊन फिरले. त्या पुड्या घेऊन गेले असते तर रिकाम्या हाताने परत आले असते. तुम्ही कुंड्या इथे लावा म्हणालात म्हणून ही रेघ आली. आणि मी तुम्हाला एवढं बोलले."

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. नाना गडबडून दोन पावलं मागे सरकले, कारण पुसूनही त्यांच्या हाताला मलम राहिलंच होतं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवायचा तर तो आधी धुवावा लागणार होता. ते हौदाकडे गेले, साबण लावून दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, धोतराला पुसले आणि परत आले. तोवर मी वाकलेलीच होते.