साखरेचे वाळे

हलव्याला काटा फुटायचा असेल तर हवा थंड आणि कोरडी लागते. नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये थंडी हवी तेवढी मिळते, कोरडेपणा मात्र विकत घ्यावा लागतो. म्हणून जानेवारीत माझ्या स्वयंपाकघरात हवेतली ओल शोषणारं यंत्र दिवसभर घुमत असतं आणि मी मंद आचेवर परातीत खसखस घेऊन बसलेली असते. चमचाभर पाक टाकायचा, तो सुकेपर्यंत दाणे बोटांनी फिरवत राहायचं, मग पुन्हा चमचाभर. बोटं भाजतात, पण चमच्याने हलवलेल्या हलव्याला काटा येत नाही. मी या देशात आले ती नवऱ्याच्या आइंडहोवनच्या नोकरीमागे, व्हिसावर ‘अवलंबित’ असा शिक्का घेऊन. आता देशभरातल्या मराठी घरांतून हलव्याच्या दागिन्यांच्या ऑर्डरी येतात, आणि कोणी घासाघीस करायला लागलं तर मी त्यांना सरळ परातीसमोर बसायला बोलावते.

त्या वर्षी सगळ्यात जीव ओतून केले ते नातवाच्या बोरन्हाणाचे दागिने. माझ्या मुलीचा मुलगा, दीड वर्षाचा. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि पायांत वाळे. वर काळं झबलं. आमच्याकडे संक्रांतीनंतर लहान मुलाला असं नटवून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओततात. जमलेली पोरं ते लुटतात. इतका गोड सोहळा दुसरा नाही, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

दागिने तयार झाले त्याच आठवड्यात विहीणबाई कॉफीला आल्या. जावयाची आई. त्या मूळच्या सुरिनामच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डचांच्या जुन्या वसाहतीतल्या, कृष्णवर्णीय, रॉटरडॅमच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आम्हा दोघींचं बोलणं डचमध्ये चालतं, त्यांचं खणखणीत, माझं ठेचकाळत. मी मोठ्या तोऱ्यात डबा उघडला. त्यांनी मनगट्यांवरून बोट फिरवलं, मग एक वाळा उचलला आणि हे कशाचं म्हणून विचारलं. साखरेचं, मी म्हटलं. बाळाच्या पायांत घालायचं.

त्यांनी वाळा जागेवर ठेवला, झाकण लावलं आणि कोट चढवला.

“माझी माणसं साखरेपायीच बेड्यांत होती,” त्या म्हणाल्या. “माझ्या नातवाच्या पायांत ती बांधलेली मी बघणार नाही. मी येणार नाही.”

त्या गेल्यावर मला आधी राग आला, लाज नंतर आली. राग असा की, माझ्या आजीच्या आजीपासून चालत आलेली रीत, तिचा यांच्या उसाच्या मळ्यांशी काय संबंध? मी का कोणाला बेडी घातली? मुलगी म्हणाली, आई, कॅन्सल कर, केक कापू. हे तिने डचमध्ये सांगितलं, तिला घाईत मराठी सुचत नाही. त्यावर तर मी भडकलेच. केकमध्ये काय मीठ घालतात? तिच्या सासूला दुखलं ते न बघता, न विचारता, वर क्रीम फासून मोकळं व्हायचं, हे मला जमणारं नव्हतं. बोरन्हाण होणार, आणि विहीणबाई त्याला असणार. नातवाला दोन आज्या आहेत, त्यातली एक दारातून परत गेलेली मी चालवून घेणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन रॉटरडॅमची गाडी पकडली.

त्यांनी मला आत घेतलं, पण चहा विचारला नाही. मीच म्हटलं, मला नीट सांगा, मी शिकायला आलेय. मग त्या बोलल्या, वर्गात शिकवल्यासारख्या, आवाज न चढवता. मला वाटत होतं, गुलामगिरी म्हणजे चाबूक आणि जहाज. त्यांनी सांगितलं ते बँकेचं काम होतं. ॲम्स्टरडॅमचे सावकार मळेवाल्यांना कर्ज द्यायचे आणि तारण म्हणून जमीन, घाणा आणि माणसं लिहून घ्यायचे. बायका गहाण, त्यांची अजून न जन्मलेली पोरंही गहाण. त्या कर्जाचे हिस्से इथली साधी कुटुंबं विकत घ्यायची, विधवा बायकासुद्धा, म्हातारपणची सोय म्हणून. कच्ची साखर जहाजाने यायची, इथल्या कारखान्यांत पांढरी व्हायची, आणि विमावाल्यापासून पिंपं बनवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची चूल त्यावर पेटायची. मळ्यावर घाण्यात ऊस सारताना हात अडकला तर तो तोडायला कोयता जवळच ठेवलेला असे, कारण घाणा थांबवणं परवडत नसे.

“आणि सुटका झाली तेव्हा भरपाई मिळाली,” त्या म्हणाल्या. “मालकांना. माझ्या पणजीच्या आईला मिळालं एक आडनाव आणि आणखी दहा वर्षं तसल्याच मळ्यावर सक्तीचं काम.”

ती भरपाईही बरीचशी डचांच्याच ताब्यातल्या जावा बेटावरच्या शेतकऱ्यांना राबवून मिळवलेल्या पैशातून दिली गेली होती. म्हणजे एकाला लुटल्याबद्दल दुसऱ्याला लुटून तिसऱ्याचं समाधान केलं. हे आडनाव कारकुनाने मनाला येईल तसं लिहिलं होतं, आणि आईकडून मुलांकडे येत येत तेच आज माझा नातू लावतो. आम्ही मराठी माणसं आडनावावरून गाव, जात, कुळ सगळं उकरून काढतो. लग्नात आमच्या लोकांनी जावयाच्या आडनावाचं कौतुक केलं होतं, किती अस्सल डच वाटतं म्हणून. विहीणबाई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या.

मी डबा पुढे केला आणि विचारलं, फेकून देऊ का?

“फेकायचं कशाला?” त्या जरा तिखटपणे म्हणाल्या. “मेहनत तुमची आहे. मेहनत फुकट घालवायला मी सांगणार नाही. मुकुट त्याला घाला, आम्हाला कधी कोणी मुकुट दिला नव्हता. बाकीचं त्या दिवशी माझ्या हातात द्या.”

मग त्यांनी चहा केला. माझा कप ठेवताना त्यांनी साखर किती असं विचारलं, आणि आम्ही दोघी एकदमच हसलो, फार नाही, पण हसलो.

घरी पोचते तोच आमच्या मंडळातल्या वडीलधाऱ्या काकूंचा फोन. बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली होती. त्यांचं म्हणणं, शुभकार्यात गुलामगिरीचा विषय नको. हे सगळं कधीचं, आणि हल्ली तर इथली साखर बिटाची असते, पाकिटावर लिहिलेलं आहे. शिवाय आपण परके, आपली पोरं इथे शिकतात, या लोकांची नाराजी कशाला ओढवून घ्यायची.

“अगं, आपण यांचं मीठ खातो,” काकू म्हणाल्या.

“मीठ मी कर भरून खाते, काकू,” मी म्हटलं. “आणि माझ्या नातवाच्या खापरपणजीच्या आजीने यांना साखर खाऊ घातली, तीही फुकट. उपकार कोणाचे कोणावर आहेत ते तुम्हीच सांगा. तुम्ही या नक्की, पण मी बोलणार आहे.”

मला आयुष्यभर हेच शिकवलं गेलं आहे की परक्या घरी आवाज चढवू नये. पण हे परकं घर बांधायला माझ्याच नातवाची माणसं राबली असतील तर ते त्याच्यासाठी परकं कसं?

त्या रविवारी माझी बैठकीची खोली बायका-पोरांनी भरून गेली. विहीणबाई सगळ्यात शेवटी आल्या. डोक्याला कडक इस्त्रीचा रंगीत रुमाल बांधलेला. त्यांच्याकडे या रुमालाच्या प्रत्येक घडीला अर्थ असतो. आजच्या घडीचा काय म्हणून मी कानात विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बोलू देत लोकांना’, असा. हातात त्यांच्या सुरिनामी दुकानातून आणलेला ऊस होता. मी भीतीने ऊस वगळला होता, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

नातवाला काळ्या झबल्यात, मुकुट घालून पाटावर बसवलं. ओवाळलं. मग मी उभी राहिले आणि सांगितलं, आधी मराठीत आणि मग माझ्या मोडक्या डचमध्ये, की या मुलाच्या अंगावर बाकीचे दागिने का नाहीत. गहाण ठेवलेल्या बायकांचं सांगितलं, भरपाईचं सांगितलं, आडनावाचंही. काकू पदराशी चाळा करत होत्या. एका तरुण मुलीने डोळे पुसले. दुसरी मोबाईलमध्ये बघत राहिली, तिला काय बोलणार?

मी बाकीच्या दागिन्यांचं ताट विहीणबाईंच्या हातात दिलं. त्यांनी वाळे उचलले, दोरा दातांनी तोडला आणि एकेक दाणा ओरबाडून चुरमुऱ्यांच्या पातेल्यात टाकला. मग मनगट्या, कंबरपट्टा, हार. मी मदतीला हात पुढे केला आणि आम्ही दोघींनी मिळून ते सगळं उसवलं. माझी आठवड्याची मेहनत होती ती, पण मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. उसाचे तुकडे त्यांनी स्वतः केले आणि पातेलं दोघींनी धरून नातवाच्या डोक्यावरून ओतलं.

पोरं तुटून पडली. नातू क्षणभर भांबावला, मग त्यानेही दोन्ही मुठी गच्च भरून घेतल्या. मोठ्या माणसांना लहान मुलाकडे मागून बघायची खोड असते. काकूंनी लाडाने हात पसरला, मला दे ना रे थोडं. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मुठींकडे.

“नको देऊस,” विहीणबाई डचमध्ये म्हणाल्या.

“नको देऊस,” मी मराठीत म्हटलं.

त्याने नाही दिलं.