भुऱ्याची गोधडी

फोन मंदाताईंचा होता. लकडगंजला दादाच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. "कुंदाताई, भाऊ उठून नाही राहिले हो... लवकर या." धरमपेठेहून ऑटोनं निघाले, तेव्हा एकच गोष्ट डोक्यात घुमत होती... मी दादाशी सात महिने बोलले नव्हते. सख्ख्या, एकुलत्या एका भावाशी! आणि कशावरून, तर कुत्र्याच्या गोधडीवरून. दादा जाऊन आज दीड महिना झाला. तोंडानं हे कोणाला सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

दादा वीज खात्यात लाइनमन होता. खांबावर सरसर चढायचा, बोलायला मात्र महाकंजूष. घरातलं सगळं बोलणं वहिनीच्या वाट्याचं. भुऱ्याला तिनंच आणलं, गल्लीतलं मरतुकडं पिल्लू. दादा कुरकुरला तर म्हणाली, "राहू द्या ना जी, तुमच्यापरीस तर जास्त बोलते." गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास वहिनी गेली. कपाळावर कुंकू घेऊन गेली, भाग्याची बाई, असं सगळ्या म्हणाल्या. अशा सवाष्णीची साडी आमच्यात बायका प्रसादासारखी मागून घेतात. मीही दोघीतिघींना शब्द देऊन बसले.

दिवाळीत दादा आठ दिवस लेकीकडे पुण्याला गेला. भुऱ्याचं खाणंपिणं मंदाताईंकडे, घराची किल्ली माझ्याकडे. साड्या काढायला वहिनीची ट्रंक उघडली अन् पाहते तर काय! वहिनीच्या सहा-सात साड्या न धुतलेल्या, अंगावरून उतरवल्या तशाच, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून ठेवलेल्या. माझं डोकंच फिरलं. घरात बाईमाणूस नाही म्हणून काय इतका गबाळेपणा? सगळ्या घरी आणल्या, गरम पाण्यात भिजवल्या, खळ केली, इस्त्री केली आणि नात्यातल्या बायकांना वाटून मोकळी झाले. हिरव्या काठाची एक तेवढी स्वतःला ठेवली. दादा परतला, त्याच दिवशी त्याचा फोन. "कुंदे, ट्रंकेतल्या साड्या कुठं हायेत?" मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सगळ्याच धुतल्या काय वं?" आणि फोन ठेवला. मी मनात म्हटलं, आभार मानायची रीतच नाही या माणसाला.

जानेवारीत त्याच्याकडे गेले. दादा जमिनीवर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जाड सुईनं गोधडी शिवत बसलेला. आत त्याच्या जुन्या शर्टांचे आणि लुंग्यांचे थर, आणि वर वहिनीची रोजच्या वापरातली जांभळी सुती साडी, चक्क कातरलेली! टाके असे वाकडेतिकडे की बघवेना. भुऱ्या शिवून झालेल्या भागावर हनुवटी टेकून पडला होता. माझा तोल गेला. "बायकोची साडी कुत्र्याच्या बुडाखाली? लाज नाही वाटत तुले?" त्यानं सुई थांबवली नाही. "त्याले झोप येत नाही वं तिच्याबिगर," एवढंच म्हणाला. मी नाही नाही ते बोलले. लोक तुझ्या तोंडात शेण घालतील, इथपर्यंत गेले. "चहा तर पिऊन जा, कुंदे," असं तो मागून म्हणाला, पण मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. नंतर दोनदा त्याचा फोन आला. उचलला नाही. नाकावर राग, दुसरं काय...

दादाला नेल्यावर संध्याकाळी मंदाताई माझ्याजवळ बसल्या आणि सांगू लागल्या. वहिनी गेल्यावर भुऱ्यानं चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. शेवटी दादानं खुंटीवरची तिची जांभळी साडी खाली अंथरली, तेव्हा कुठे तिच्यावर बसून त्यानं दूधभात खाल्ला. तिच्यातला वहिनीचा वास उडाला की पिशवीतली दुसरी काढायची, मग तिसरी, असं दादानं ठरवलं होतं. पिशवीचं तोंड बांधलेलं होतं ते त्यासाठी. "तुम्ही बाकीच्या नेल्या ना, मग ती जांभळीच उरली. तीबी फाटून राहिली होती, म्हणून भाऊंनी शिवून घेतली." मी विचारलं, मग मला का नाही कोणी सांगितलं? मंदाताईंनी पदर डोळ्याला लावला. "मी सांगतो म्हटलं, तर भाऊ म्हणाले, राहू द्या, तिले वाईट वाटंन."

भुऱ्याला मी घरी घेऊन आले, गोधडीसकट. खातो, फिरायला येतो, पण माझ्याजवळ म्हणून येत नाही. परवा कपाटातून ती हिरव्या काठाची साडी काढली, घडी मोडली आणि त्याच्यापुढे पसरली. तो उठला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत गेला, शेपटी जराशी हललीही. मग डांबरगोळीच्या वासानं शिंकला, आणि परत जाऊन गोधडीवर पडला.

दादा, मीच रे धुऊन टाकलं तिला.