उन्हाने गाडी तापत नाही

चंद्रपूर जिल्ह्यात कशाचंही खापर उन्हावर फोडता येतं. बाबू जागेवर नाही, ऊन आहे. पोरगं नापास झालं, उन्हात पेपर होता. आणि गाडी तापली तर विचारूच नका. मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधी वर आभाळाकडे बोट दाखवतो.

माझी गाडी एप्रिलमध्ये तापायला लागली, आणि मला ते परवडणारं नव्हतं. बाबांचं डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून दोनदा सकाळी सिंदेवाहीहून चंद्रपूरला जायचं. वेळेत पोचलो नाही तर मशीन दुसऱ्या पेशंटला लागतं, आणि बाबांच्या अंगात साचलेलं पाणी तसंच राहतं. एकदा डायलिसिसची पाळी चुकली होती, तेव्हा त्यांना आडवं होता येईना, दोन वाक्यं बोलले की धाप लागे. ते पाहिल्यापासून गाडी चालवताना माझा अर्धा जीव त्या टेंपरेचरच्या काट्यात असायचा.

मी शाळेत शिकवते. नीट बघा आणि वहीत लिहा, असं पोरांना रोज सांगते, म्हणून मीही लिहिलं. गावात काटा मध्यावर. रेल्वे फाटकाला उभी असताना मध्यावर. मूल गाव सोडून मोकळा रस्ता लागला आणि वेग वाढवला, की वीस मिनिटांत वर. एसी लावला की त्याहून लवकर. ती वही घेऊन मी बाबांसोबत सिंदेवाहीतल्या मेकॅनिककडे गेले. त्याने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याशी बोलायचं सोडून त्याने बाबांना विचारलं, "बाबा, गाडी कोन चालवते?"

"माई पोरगी."

"मंग बराबर हाये. बाया क्लचवर पाय ठिवून चालवते. अन् ऊन पाहा ना बाप्पा, कसं तपून राह्यलं!"

क्लचवर पाय ठेवला तर क्लच जळतो, पाणी उकळत नाही. मी तसं म्हटलं. तो हसला. मग त्याने इंजिनातला थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याची वाट उघडबंद करणारा व्हॉल्व्ह, काढून माझ्या हातावर ठेवला, प्रसाद ठेवावा तसा. "हा वाल थंड्या मुलखासाठी असते म्याडम, आपल्या इकडं याचं काई काम नाई." आमच्याकडे ही रीतच पडली आहे. इंजिन बनवणारे सगळे मूर्ख, आणि शहाणपण काय ते आमच्या टपरीवर. त्या कामात जे पाणी सांडलं ते गंजाने तांबूस होतं. त्याने पाहिलं, मीही पाहिलं, आणि दोघांनीही त्याचं काही मनावर घेतलं नाही. तेवढी चूक माझी.

ब्रह्मपुरीचा दुसरा मेकॅनिक पंखा बदलायला निघाला. मी म्हटलं, भाऊ, उभी असताना तापत नाही, म्हणजे पंखा चालू आहे. वेगात तापते, तिथे वारा असतोच, पंख्याचा काय संबंध? तो म्हणाला, "म्याडम, तुम्ही शाळा शिकवा." आणि पंखा बदलला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गाडी त्याच्याकडे उघडी पडलेली होती. अडला हरी म्हणतात तशी माझी गत.

मे महिन्यात एका पाळीला मूलच्या पुढे, ऐन वाघाच्या जंगलात, काटा लाल पट्टीला टेकला. तिथे गाडी थांबवून उतरायची सोय नाही, आणि थांबलो असतो तर मशीन गेलं असतं. मी कुठेतरी वाचलेला एकच उपाय उरला होता. एसी बंद केला, आणि हीटर पूर्ण सोडला. इंजिनची उष्णता गाडीच्या आत ओढून घ्यायची, म्हणजे इंजिन वाचतं. इंजिन वाचलं. बाहेर ती भट्टी आणि आत हा हीटर, आणि शेजारी बाबा, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसलेले. त्यांना पाणीही देता येत नव्हतं. डॉक्टरांनी दिवसाला अर्धी बाटली ठरवून दिली होती, आणि त्यातला सकाळचा वाटा पिऊन झाला होता.  बाबा एकदा फक्त म्हणाले, "चाल तू. पोचतो आपन." मी त्या दोन्ही मेकॅनिकांना वाटेभर मनात शिव्या घालत होते.

त्या दिवशी डायलिसिस झाल्यावर आम्ही चंद्रपुरातल्या एका रेडिएटरवाल्याकडे गेलो. म्हातारा होता, कमी बोलणारा. त्याने पहिल्यांदा माझ्या हातातली वही मागितली. चष्मा लावून सगळी वाचली. "वेगात तपते, उभी राह्यली तं नाई तपत. मंग रेडिएटर जाम हाये," म्हणाला. इंजिन थंड होईपर्यंत त्याने झाकणाला हात लावला नाही. नंतर झाकण उघडून बोट आत फिरवलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटावर पांढरा चुना.

"कूलंट कुठी हाये यात? हे तं निरं बोअरचं पानी हाये. कोन टाकते?"

"कोणीच नाही," मी म्हटलं.

"मी टाकतो ना," बाबा बाकावरून म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "रोज सकाळी. काठोकाठ."

बाबांनी जन्मभर जंगल खात्याची जीप चालवली. त्या जुन्या जीपला सकाळी पाणी दाखवल्याशिवाय किल्ली लावायची नाही, हा त्यांचा नेम. पहाटे उठून ते अंगण झाडतात, गाडी पुसतात, हे मला माहीत होतं. तांब्या घेऊन बॉनेट उघडतात, हे माहीत नव्हतं. रेडिएटरवाला समजावत होता की काठोकाठ भरलं की गरम झाल्यावर जास्तीचं बाहेर पडतं, त्यासोबत कूलंट निघून जातं, आणि बोअरच्या पाण्याचा चुना आत बसत राहतो. दोन वर्षांचा चुना आहे हा, म्हणाला.

मी ऐकत नव्हते. दोन महिन्यांचा सगळा राग, त्या दोघांवर काढायचा राहून गेलेला, मी बाबांवर काढला. भर दुकानात, तीन गिऱ्हाइकांसमोर. "तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले? काय समजते तुमाले गाडीतलं?"

बाबा हळूच म्हणाले, "ऊन हाये. मले वाटलं, तिले तहान लागत असन."

ज्या माणसाला स्वतःला घोट मोजून प्यावा लागतो, तो हे म्हणत होता. तरी मी थांबले नाही. थांबायला हवं होतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

रेडिएटर बदलला, थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट भरलं. 

पुढच्या पाळीला सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. दवाखान्याच्या फाइलची पिशवी नव्हती. शेजारची बाई म्हणाली, बाबा तं कवाचेच बसनं गेले. डायलिसिसचा माणूस, मे महिना आणि एसटी! मी जशी होते तशी गाडी काढली आणि मूलच्या स्टँडवर बस गाठली. ते खिडकीशी बसले होते, घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"बाबा, उतरा."

"तिकीट काढलं हाये."

"बाबा, माझं चुकलं. उतरा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता त्यात, खरंच नव्हता. साहेबाला खबर द्यावी तशा आवाजात म्हणाले, "आज म्या गाडीले हात नाई लावला. पाहून घे."

बस सुटली. मी मागे निघाले. पुढचं सगळं जंगल मी त्या बसच्या मागे राहिले. शेजारच्या रिकाम्या सीटवर एसीची गार हवा पडत होती, आणि ती मेली गाडी एकदाही तापली नाही.