नाथाजीचं वारूळ

आटपाडीच्या पूर्वेला माळावर नाथाजीनं बांधलेलं घर गोल होतं. माणूसभर उंच भिंत, आणि तिच्यावर दगडाचंच निमुळतं छप्पर. लांबून पालथी कणगी वाटायची. खांब नाही, तुळई नाही, चुना नाही, गारा नाही. दारावरसुद्धा एक लांब दगडच. लोक त्याला वारूळ म्हणत. मी नाथाजीच्या जोडीनं त्याचे दगड वाहिले आहेत.

आमच्याकडं घरं माळवदाची. तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर पाचोळा, वर हातभर माती. गळायला लागलं की उन्हाळ्यात नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नाही. ओझं वाढत जातं आणि खालून तुळईला वाळवी लागते. लढाईच्या दिवसांत नाथाजी पलटणीची खेचरं राखायला इटलीला गेला होता. तो तिकडं असताना एका उन्हाळ्यात माळवदावर माती त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, एकटीनं वाहिली. चांगली जाड घातली. परतीच्या पावसात ती शेळ्या बांधायला बाहेर आली आणि माळवद खाली बसलं. आत त्यांची एकुलती एक पोर होती, अंजना.

त्या दिवसापासून साळूबाई छपराखाली झोपली नाही. माहेरी नाही, देवळात नाही. माळावरच्या कडुलिंबाखाली अंथरूण टाकायची. पाऊस आला तर डोक्यावर पोतं घ्यायची.

नाथाजी शेहेचाळीस साली परत आला. इटलीच्या दक्षिण टोकाला त्यानं शेतकऱ्यांची गोल घरं पाहिली होती, नुसती दगडावर दगड रचलेली. तसल्या एका घरात तो खेचरं घेऊन पावसाळा राहिला होता. मला म्हणाला, "लाकूडच न्हाई तर वाळवी काय खाईल, गड्या? असलं घर बांधलं की साळू आत येईल."

घर बांधायचं कारण एवढंच होतं.

माळावरचे चपटे दगड आम्ही पहारीनं उकरले. लहान डोक्यावरून आणले, मोठे दोघांनी वाशाला बांधून. छपराचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा चार बोटं आत घ्यायचा. दगडाचा मोठा भाग मागं भिंतीवर दाबून ठेवायचा, थोडाच पुढं काढायचा. मागची बाजू जरा उतरती ठेवायची, म्हणजे पाणी बाहेर जातं. पहिल्या खेपेला नाथाजी घाईनं वीतवीत आत गेला. सगळं खाली आलं. माझं बोट चेचलं. त्यानं उरलेलं भिंतीपर्यंत उतरवलं आणि पुन्हा पहिला दगड घेतला. दुसरा उन्हाळा अर्धा सरला तेव्हा शेंड्याचा दगड बसला.

साळूबाई दारात उभी राहून वर बघत होती. "खांब न्हाई, तुळई न्हाई. वरचं धरलंय कुणी?"

"दगडानंच दगड धरलाय, साळू."

"धरंल आणि सोडंल बी," ती म्हणाली आणि लिंबाखाली गेली.

शेजारच्या शेताचा हंबीरराव थट्टेखोर. तो म्हणायचा, "नाथा, आत नाग पाळलाईस व्हय रं? शिराळ्याला धाडून दे, पंचमीला मान मिळंल." एकदा चारचौघांत म्हणाला, "एवढा भरवसा हाय तर वर माणसं चढव की."

नाथाजीला ते पटलं. आम्ही सहाजण शिडी लावून वर चढलो. हंबीरराव सगळ्यांत जड, तोही आला. नाथाजी आत जमिनीवर मांडी घालून बसला. खालून ओरडला, "नाचा रं!" आम्ही पाय आपटले. एकही दगड हलला नाही. तळपायाला मला ते स्पष्ट कळत होतं.

तेवढ्यात साळूबाई विहिरीवरून आली. तिनं वर आम्हाला पाहिलं, आत नवऱ्याला पाहिलं. घागर टाकली, आत शिरली आणि त्याला दंडाला धरून फरफटत बाहेर आणलं.

"छपरावर ओझं चढवताय? माझ्या देखत? मी चढवलं हुतं तेवढं पुरं न्हाई झालं व्हय?"

नाथाजी धापा टाकत म्हणाला, "साळू, तू आत जाऊन आलीस बघ. काय झालं का?"

"तुमाला काढाया गेले हुते. ऱ्हायाला न्हवं."

त्यानंतर तिनं त्या दारात पाऊल टाकलं नाही. नाथाजीनं शेळ्या आत बांधल्या, कडबा आत रचला आणि आपलं अंथरूण लिंबाखाली तिच्या शेजारी टाकलं. दोन वर्षं असंच चाललं.

एकोणपन्नासच्या परतीच्या पावसात तो भिजला, पुन्हा भिजला, आणि खोकला छातीत उतरला. मी म्हणालो, "नाथा, आत पड की. शेळ्या कोरड्यात आणि तू चिखलात?"

"ती भायेर हाय न्हवं," तो म्हणाला.

आठवड्यात तो गेला. सकाळी गेला, आणि पाऊस असा लागला की सरण रचता येईना. मयत भिजू नये म्हणून आम्ही शेळ्या बाहेर काढल्या, कडबा बाजूला केला आणि त्याला आत नेऊन ठेवलं. साळूबाई मागोमाग आली. कुणी बोलावलं नव्हतं. उशाशी बसली. दुपार झाली तरी रडली नाही. वर छपराकडं बघत राहिली, मग हात लांबवून भिंत चाचपली.

"थेंब बी न्हाई," ती मला म्हणाली.

"न्हाई, वैनी."

पाऊस उघडला तशी आम्ही तिरडी उचलली. ती दारापर्यंत आली. भिजलेल्या शेळ्या तिनं एकेक करून आत घेतल्या, दाराला काटेरी फांदी लावली आणि लिंबाखाली जाऊन बसली.